बायको दवाखान्यात नव्हती

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगावं लागलं नाही. तिला त्याच दिवशी कळलं. बाकी तुम्हीच पहिले.

उस्मानपुऱ्यात आमचं एक सरकारी मंडळ होतं. कुणी डोकं चालवून काही नवं बनवलं, तर ते उभं राहावं म्हणून आम्ही पैसे द्यायचो. पैठणच्या एका विणकराचा पायाला हलका पडणारा माग, एका मेंढपाळानं बनवलेलं लोकर कातरायचं यंत्र — असली कामं. पण वरचे साहेब बदलले की फायली अडायच्या, माणसं खेटे घालून थकायची. आमच्या प्रमुख शोभाताई. त्या वर्षानुवर्षं मागं लागल्या होत्या, की मंडळ सरकारातून काढा, स्वतंत्र धर्मादाय संस्था करा. शेवटी सरकार तयार झालं. अट एकच — जुन्या मंडळातल्या तिघांनी सरकारी नोकरी सोडून नव्या संस्थेत यायचं. नाहीतर मंडळ बंद.

शोभाताई, टायपिस्ट फरीदाबाजी आणि मी. सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं असेल? मीच. "ताई, मी हाये ना!"

आणि आतून? पेन्शन जाईल, संस्था बुडाली तर काय — रात्रंदिवस हेच. मला जमणार नाही, असं ताईंना नुसतं सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, मंडळातलं दुसरं माणूस शोधलं असतं. तेवढीही हिंमत नव्हती मला.

सह्यांच्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवरून ताईंना फोन केला. म्हणालो, सुनंदाच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात आणलंय. फोन ठेवला आणि पैठणच्या गाडीत बसलो. दिवसभर धरणाजवळ बसून राहिलो — कशाला? वेळ टळावी म्हणून. घरी पोळ्या लाटणाऱ्या धडधाकट बायकोला मी आजारी पाडलं होतं.

संध्याकाळी परतलो, तर शोभाताई आमच्या घरी बसलेल्या. पोरांची आई दवाखान्यात, त्यांच्या जेवणाचं काय, म्हणून खिचडीचा डबा घेऊन आल्या होत्या. दार सुनंदानंच उघडलं होतं, पिठानं भरलेल्या हातांनी.

मला बघून ताई उठल्या. आवाज नेहमीसारखाच. "सुनंदाबाईंना बरं वाटतंय, चांगलं झालं. तुमच्या घरी आजारपण आहे म्हणून मी उद्यापर्यंत मुदत मागून घेतलीय. यायचं असलं तर या. नाही आलात तरी मी काही विचारणार नाही."

सुनंदा त्यांना फाटकापर्यंत सोडून आली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती एवढंच म्हणाली, "लई मोठी बाई हाय ती. खाऊन घ्या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो, सही केली. धाडस म्हणून नव्हे. न जाण्याचीच भीती जास्त वाटली.

त्या सहीनं मला काय दिलं? पुढचं सगळं आयुष्य. पगार कधी वेळेवर झाला, कधी नाही. पण खांद्यावर यंत्र घेऊन आलेल्या माणसाला "बसा, दाखवा" म्हणता आलं, आणि काम पटलं तर लगेच हो म्हणता आलं. मी फार सुखात काम केलं. ते सुख मला दोन बायांनी दिलं, मला उघडं न पाडून. त्यांचे उपकार मी कसे सांगू?

पण त्या मुदतीची ऑफिसात कहाणी झाली. "बायको दवाखान्यात, तरी सहीला हजर!" फरीदाबाजी ती कौतुकानं सांगायच्या — नव्या पोरांना, पाहुण्यांना. मी खाली बघायचो. लोकांना तो विनय वाटायचा. थांबवता आलं नसतं का मला? एका वाक्याचं काम होतं. फरीदाबाजी गेल्या, त्या तेच खरं मानून.

यंदा वर्धापनदिनाला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं तीच कहाणी सांगितली आणि सुनंदालाही स्टेजवर बोलावून शाल दिली. सुनंदानं ती घेतली. माझ्याकडं बघितलं नाही. पहिल्या रांगेत शोभाताई होत्या, आता फार थकल्यात. सगळ्यांत आधी टाळी त्यांनीच वाजवली.

मी उठलो, हात जोडले, आणि खाली बसलो.