वहिनींची नवी टाकी

आमच्या कारखान्यात त्यांना सगळेच वहिनी म्हणायचे, मालकसुद्धा. कारण त्यांचे यजमान, आमचे दादा, आधी निकेलच्या टाकीवर होते. दादा छातीच्या दुखण्याने गेले आणि आता टाकी कोण सांभाळणार याची चर्चा सुरू व्हायच्या आत वहिनी ॲप्रन बांधून तिथे उभ्या राहिल्या. मी पलीकडच्या खोलीत बफिंगच्या चाकावर. नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी मी घासून गुळगुळीत करायच्या आणि त्यांनी त्यांवर निकेल चढवायचं, असं आमचं एकोणीस वर्षं चाललं.

काम त्यांनी फार लवकर उचललं. टाकीतल्या हिरव्या पाण्याकडे नुसतं बघून आज काय कमी पडलंय ते त्या सांगायच्या. एकदा मी विचारलं की घरच्या भाजीतलं मीठही असंच न चाखता कळतं का. म्हणाल्या, "भाजी बिघडते माझी. ती कोणी परत पाठवत नाही ना, म्हणून."

पण त्या टाकीने फुकट काही दिलं नाही. गरम पाण्यातून सारखे बुडबुडे फुटायचे, त्यांची आंबट वाफ घशात बसायची. वहिनींचा खोकला त्यांच्याआधी खोलीत शिरायचा. मग हातांना खाज सुटली, पुरळ आलं, पुढे बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. हातमोजे होते, पण त्यांच्या आत पाणी जायचंच. मलमांच्या रिकाम्या डब्यांत त्या खिळे-स्क्रू ठेवायच्या, तेवढाच त्यांचा उपयोग.

लेकीला मुलगी झाली तेव्हा वहिनी सुट्टी टाकून गेल्या. लेक दोन गल्ल्यांपलीकडेच राहायची. परत आल्यावर मी विचारलं, नात कोणासारखी आहे? त्या म्हणाल्या, नीट बघितलीच नाही. नंतर लेकीकडून कळलं की त्यांनी बाळाला उचलून घेतलंच नव्हतं. गालाला बोट लावलं तर भेगांची खरखर लागून बाळ रडलं. त्यानंतर त्या खुर्चीत बसून पायाने पाळणा हलवत राहिल्या.

त्याच सुमारास मालकांच्या ओळखीच्या एक केमिस्ट बाई कारखान्यात येऊ लागल्या. त्यांना निकेल चढवायची नवी रीत आजमावायची होती. त्यांनी दोन पांढऱ्या भुकट्या आणल्या. एक कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती आणि दुसरी शेतातला युरिया. दोन्ही एकत्र करून गरम केल्या आणि पाण्याचा थेंबही न घालता त्यांचा पाक झाला. आम्ही सगळे कोंडाळं करून बघत होतो. त्या पाकात निकेलचा क्षार विरघळवला. आम्ल नाही, आंबट वाफ नाही, बुडबुडेही नावालाच.

वहिनींनी एकच विचारलं, "हातांना बरं पडेल ना?"

"वाफेचा त्रास नक्की कमी होईल," बाई म्हणाल्या. "हातांचं मात्र मी सांगू शकत नाही."

वहिनींनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं, असं मला आज वाटतं.

सुरुवातीला तोटी बाहेर यायची ती राखेच्या रंगाची. बोट फिरवलं की काळपट भुकटी हाताला लागायची. मग बाई वेगवेगळी पूरक रसायनं चिमूट चिमूट घालून बघू लागल्या. शेवटी एक लागू पडलं, निकोटिनिक आम्ल. औषधाच्या दुकानात ते जीवनसत्त्व म्हणून मिळतं, हे ऐकून आम्हाला हसू आलं. ते धातूवर बसून निकेलचे कण जाड होऊ देत नाही. कण बारीक राहिले की पृष्ठभाग चमकतो, असं बाईंनी समजावलं. चमक दिसताच त्यांनी उत्साहाने माप दुप्पट केलं आणि चमक आणखी वाढली. वहिनींनी निकेल चढवलेली चाचणीची पत्र्याची पट्टी हातमोजा काढून उचलली आणि दोन्ही हातांनी वाकवली. वरचा थर कांद्याच्या सालीसारखा सुटला.

"चमक आहे, पकड नाही," त्या म्हणाल्या. "माप खाली आणा."

पुढचे दोन महिने त्या दोघी मापाच्या मागे होत्या. सुट्टीनंतरच्या दिवशी तोट्यांवर डाग येतात हेही वहिनींच्याच लक्षात आलं. पाक हवेतली ओल पितो म्हणून टाकीला झाकण आलं. अखेर एक तोटी अशी निघाली की निकेल चढल्यावर चमकेसाठी मला तिच्यावर पुन्हा चाक फिरवायची गरजच उरली नाही. वहिनींनी ती डोळ्यांसमोर धरली, तिच्यात आपला चेहरा बघितला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "म्हातारी झाले की मी."

खोकला खरंच गेला. त्यांनी लेकीला सांगून टाकलं की आता हातही बरे होतील, थोडी कळ काढ. आणि नवा पाक झोंबत नाही म्हणून पट्ट्या तपासताना त्या हातमोजे काढूनच ठेवू लागल्या. मी ते रोज बघत होतो. बोललो नाही. त्या इतक्या वर्षांनी खुशीत होत्या.

हात सुजले. भेगांतून रक्त येऊ लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळे पदार्थ लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या, तर एकाच पट्टीखाली लाल चट्टा होता. निकेलचा. पाणी जुनं असो की पाक नवा, निकेल तेच, आणि एकदा अंगाला ते सोसेनासं झालं की कायमचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मालकांनी त्यांना पॅकिंगला बसवलं. पण पॅक करायच्या त्या त्याच तोट्या. आठवडाभरात खाज मनगटाच्या वर चढली आणि वहिनींनी काम सोडलं. जाण्याआधी त्यांनी टाकीवर आलेल्या नव्या बाईला सगळी मापं शिकवली. पहिला धडा हातमोज्यांचा होता.

शेवटच्या दिवशी केमिस्ट बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "मी जास्त ठासून सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मलाच ऐकायचं नव्हतं."

नवी टाकी अजून चालू आहे. कोणी खोकत नाही. पाहुणे आले की मालक त्यांना ती कौतुकाने दाखवतात. माप कोणी बसवलं ते सांगायचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

मध्यंतरी मी वहिनींकडे गेलो होतो. घराच्या किल्लीवरही निकेल असतं, म्हणून तिला त्यांनी कापड गुंडाळलंय. भेगा बऱ्याच भरल्यात, कातडी तेवढी जाड झाली आहे. नात आता चालते. ती आली आणि आजीच्या बाहीला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "आता हात धरायला हरकत नाही ना?"

"हरकत कसली," वहिनी म्हणाल्या. "पण तिला ती सवयच लागली नाही."