शुद्ध भाषेतली पाणीकपात

बोलिव्हियातल्या आमच्या एल आल्तो शहरात पाणी कधी जाणार हे आम्हाला बासिलिया चुकिमिया सांगायची. सकाळी बाजारात चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे विकायची आणि दुपारी त्याच घेरदार परकरात, तीच टोपी घालून आमच्या रेडिओवर आयमारा भाषेत बोलायची. कोण वारलं, कोणाचं बाळंतपण झालं, कुठला रस्ता बंद. मी काचेपलीकडे बटणं दाबायचो. बावीस वर्षं तिनं शहरात आमची भाषा टिकवली होती, पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगायला डॉक्टर कालिस्तो आले. आयमारावर स्पॅनिशमध्ये प्रबंध लिहून डॉक्टर झालेले, आमचे नवे संचालक.

"मावशी, तुम्ही संस्कृतीचा आधार आहात," ते म्हणाले. "फक्त तुमची भाषा सुधारायला हवी."

"का? कोणाला कळत नाही का?"

"कळतं हो. पण वारांची नावं स्पॅनिश, टाकी स्पॅनिश, नळसुद्धा स्पॅनिश."

"मग नळाला काय म्हणू?"

त्यांनी चाळीस पानांची यादी दिली. सगळे शब्द समितीनं बसून घडवलेले.

बुधवारी बातमी आली : उद्यापासून दोन दिवस पाणी बंद, टाक्या भरून ठेवा. बासिलियानं ती यादीबरहुकूम वाचली. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

गुरुवारी अर्ध्या वस्तीत ठणठणाट. दुपारी कार्यक्रम चालू असतानाच फोन आला. डॉक्टरांच्या आई, एउफ्रासिया आजी.

"बासिलिया, काल काय बोललीस गं? मला वाटलं कोणी बिशप गेला. घरात चहापुरतं पाणी नाही."

"तुमच्या कालिस्तोनंच लिहून दिलं, आजी."

"दे त्याला."

आजींनी त्यांना आयमारात, नळ, टाकी, गुरुवार या स्पॅनिश शब्दांसकट झाडलं. प्रक्षेपण बंद करायला मी विसरलो, असं मी अजून सांगतो. डॉक्टर उत्तर देऊ लागले ते स्पॅनिशमध्ये. आयमारावर त्यांना प्रबंध लिहिता येत होता, आयमारात आईशी बोलता येत नव्हतं.

आजींचा राग उतरला. मग म्हणाल्या, "शाळेत चिडवतील म्हणून मीच तुला आयमारा शिकवली नाही. चूक माझीच आहे. ये, पाणी घेऊन ये."

डॉक्टर रेडिओच्या टाकीतून दोन बादल्या भरून घेऊन गेले.

यादीची दुसरी आवृत्ती निघाली, तिला पुरस्कारही मिळाला. डॉक्टर मात्र सकाळी बासिलियाच्या पोत्याशेजारी बसू लागले. परवा त्यांनी एका बाईला आयमारात भाव सांगितला. ती हसली, पण चुन्यो घेऊन गेली.