सांजेचं दूध वर

शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात मी एकटीच बसते. बाकीचे पुण्याहून काम करतात. शिरोळकडच्या दूध संस्थांसाठी आम्ही एक ॲप केलं. कधी किती दूध घातलं ते सभासदाला मोबाइलवर दिसतं, ताजी नोंद सगळ्यांत वर. माझी आईही अशीच एक सभासद. तिला वाचता येत नाही, आकडे तेवढे कळतात. तिच्यासारख्यांसाठी मी सकाळच्या नोंदीपुढे सूर्य आणि संध्याकाळच्या नोंदीपुढे चंद्र काढला होता. तिच्या म्हशींच्या दुधावर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. त्यामुळे हे काम घरचंच वाटायचं.

ॲप सुरू झालं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. एरवी कामाशिवाय ती फोन करत नाही.

"सांजंचं दूध मांडलंच न्हाय गं. वर सूर्यच हाय."

खाली बघ म्हटल्यावर तिला चंद्र सापडला.

"एवढं कॉम्प्युटर शिकलीस, आन् सांज सकाळच्या मागनं येती हे कळंना व्हय?"

तिचं बरोबर होतं. दोन नोंदींतली कुठली वर ठेवायची हे ठरवणारा नियम, कम्पेअरर, मीच लिहिला होता. त्यात फक्त तारखा ताडून पाहिल्या होत्या. सकाळ-संध्याकाळची तारीख एकच, म्हणून नियमाच्या लेखी दोन्ही सारख्या. मग त्या आल्या तशाच राहायच्या, सकाळ आधी. तारीख सारखी असेल तर संध्याकाळ वर घे, एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते मी लगेच लिहिलं, पण दुरुस्त ॲप पुण्याहून शनिवारी सगळ्यांच्या मोबाइलवर जाणार होतं.

तोवर दूध घालून आली की आई रोज फोन करायची. दूध मांडलंय का, एवढंच विचारायला. मी बघून सांगायचे. मग ओघाने रेडकू, शेजारीण, मी काय जेवले. माझ्या भाड्याच्या खोलीचं कुलूप काढताना तिचा आवाज कानाशी असायचा. शनिवार येऊच नये, असं एकदा वाटूनही गेलं. पण गावातल्या इतर बायकाही चंद्र शोधत असणार.

शनिवारी संध्याकाळी मी फोन समोर ठेवून बसले. तो वाजला नाही. शेवटी मीच लावला.

"दिसलं की, वरच हाय," आई म्हणाली. "तू का फोन केलास? काय झालं?"

काही नाही, म्हटलं.

"मग ठेव. भांडी घासायची हायत."