अर्ध्या पेशी

तुमच्या आत्याने खारघरच्या प्रयोगशाळेतून पेशींचे बारा छापील फोटो घरी आणले, त्या रविवारी आम्हा दोघींचे चांगलेच वाजले. सोमवारी तिला तिच्या प्रयोगाचा निकाल सगळ्या विभागापुढे मांडायचा होता. दोन वर्षांचे काम होते.

काम असे: काचेच्या चकत्यांवर एका पदार्थाचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर जिवंत पेशी सोडायच्या. सहा चकत्यांवर रेणू डाव्या घडणीचे, सहांवर उजव्या. अणू तेच, तेवढेच. मांडणी मात्र आरशात दिसावी तशी उलटी. डाव्या थराला पेशी जास्त चिकटतात, असे तिचे म्हणणे.

मला ते पटेना. "पदार्थ एकच, तर पेशीला काय कळणार?"

"आई, अंधारात उजवा पाय डाव्या चपलेत घाल. लगेच कळेल."

"पायाला कळतं गं. पेशीला पाय कुठे आहेत?"

"पेशीतली प्रथिनंही एकाच घडणीची असतात. तीच थराला धरतात. सांगून दमले मी!"

आधीचा तक्ता पडताळायला जेवणाच्या टेबलावर ती लाल पेनाने टिंबे देत पेशी पुन्हा मोजत होती. मी शेजारी भेंडी चिरत होते. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात 'डावा' किंवा 'उजवा' लिहिलेले. एका डाव्या फोटोच्या कडेला अर्धीच आलेली पेशी तिने मोजणीत धरली. पुढच्या उजव्या फोटोतली तशीच पेशी सोडली.

मी इतकी वर्षे बोर्डाचे पेपर तपासले. उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव का नसते, ते मला ठाऊक आहे.

"या अर्ध्या बाईंना घेतलंस, मग त्या अर्ध्या बाईंनी काय पाप केलं?"

ती लाल झाली. "म्हणजे मी खोटं करते?"

"खोटं नाही. पण काय यायला हवं, ते तुला आधीच माहीत आहे."

"वर्षं माझी गेलीत, तुझी नाही!" ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले. तासाभराने पेनड्राइव्ह नेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडून फोटोंच्या टिंबे नसलेल्या नव्या प्रती छापून आणल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. "घे. झाक."

मी कोपऱ्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, वर आकडे टाकले, फोटो पिसले. कडेवरची पेशी कुठेच धरायची नाही, असे ठरले. आधी तिने मोजले, मग मी. मोजताना मला माझाही भरवसा वाटेना. फरक निघूच नये, असे कुठेतरी मलाही वाटत होते.

पट्ट्या काढल्या. डाव्या थरावर पेशी खरोखरच जास्त होत्या. मात्र फरक आधीच्या जेमतेम निम्मा.

तिने तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, पुन्हा मोजलं. फरक आहे, पण लहान आहे... नाही सर, जुना तक्ता नाही दाखवणार."

फोन ठेवून तिने मला शेजारी बसवले आणि सगळी बेरीज पहिल्यापासून स्वतः केली. माझ्या बेरजेवर तिचा विश्वास नव्हता.