बॉनेटपलीकडून आलेली रेस

आधीच सांगते, भूत-चकवा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ हसते. आजही हसते. पण आयुष्यातली एक दुपार मला अजून पचलेली नाही... ती लिहून काढतेय.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा मे महिना असेल. अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या मागे आमची बैठी चाळ. दारात बाबांची जुनी विलायती गाडी. स्टुडिओवाले ती शूटिंगला भाड्याने न्यायचे. बाबा गेले आणि गाडी वर्षभर नुसती उभी राहिली. मग सुरू केली तर अशी थरथरायची की आरशात काही दिसायचं नाही. काकांनी कुर्ल्याचा एक भंगारवाला ठरवून टाकला. रविवारी दुपारी तो गाडी बघायला येणार होता.

"कित्याक जीव जाळतंस गो? इंजिन बसला तेचा," काका म्हणाले.

"बसलं नाही, टायमिंग गेलंय. तो यायच्या आत ठीक करून दाखवते. नाही जमलं तर खुशाल द्या."

आई आत जाऊन बाबांचा पाना घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवला. मला रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता!

एकेका प्लगची वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच दबलं, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. इंजिनखालचे रबर शाबूत. उरला डिस्ट्रीब्युटर — ठिणगी वेळेवर पडत नव्हती. तो केसभर फिरवायचा, रेस द्यायला सांगायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. हे दोघांचं काम. एक बॉनेटखाली, दुसरा सीटवर. आणि बॉनेट उघडं असलं की खालच्याला सीट दिसत नाही.

लहानपणी बाबा बॉनेटखाली आणि मी सीटवर असायचे. सीट पार पुढे ओढली की कुठे माझा पाय पोचायचा. आधी मी अ‍ॅक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबून बघायचे, मग पूर्ण. "दार वाजवतेयस का गं?" बाबा चिडवायचे.

त्या दिवशी काका कुरकुरत सीटवर बसले. "रेस!" म्हटलं की धाडकन पाय द्यायचे. "अहो काका, हळू ना!" मी दोन-तीनदा ओरडले. घाम डोळ्यांत जात होता, हात भाजत होते, पण मी हटले नाही. मग काकांचा पाय अचानक सुधारला. दोन हलके हुंकार, मग अलगद रेस.

"आत्ता कसं झकास!" मी म्हणाले. "रेस!... बास!... रेस!"

आणि थरथर गेली. अंदाजासाठी इंजिनवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलेना. मी बोल्ट आवळला आणि मागे वळले, तर काका चाळीच्या फाटकातून आत येत होते. सोबत भंगारवाला.

"काका... सीटवर कोण आहे मग?"

"माका काय ठावक? मी मघाशीच भायर गेलंय, ह्येका रस्तो दाखवूक. तुका सांगान गेलंय मा!"

इंजिनाच्या आवाजात मला ऐकूच आलं नव्हतं. भंगारवाल्याने क्षणभर कान दिला. "ये तो मस्त चल रही है, इसको काटने का क्या?" म्हणाला आणि निघून गेला. गाडी राहिली. पुढे कितीतरी वर्षं शूटिंगला जात राहिली.

ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, अ‍ॅक्सिलरेटरचा रॉड अडकत असेल. असेल बुवा. मग "बास" म्हटल्यावर बरोबर सुटायचा कसा? आई म्हणायची, तुझे बाबा आले होते. मला हे मानता आलं असतं तर किती बरं वाटलं असतं! पण त्या दुपारी बॉनेट खाली घेऊन मी दार उघडलं, तेव्हा आत कुणी नव्हतं आणि सीट पार पुढे, शेवटच्या खाचेत ओढलेली होती. काकांचं पोट तिथे मावलंच नसतं. आणि बाबांची जागा ती नव्हेच. त्यांची जागा बॉनेटखाली, जिथे मी उभी होते तिथे.

सीटवर मी असायचे.