आप्पांच्या छातीवरचे टाके

माझ्या वडिलांना, आप्पांना, जन्मभर तंबाखू सोडली तर दुसरं काही दुखणं नव्हतं. त्यामुळे गोठ्यातून घरात येताना ते मध्येच थांबायला लागले, छातीवर हात दाबून उभे राहायला लागले, तेव्हा आम्हाला वाटलं म्हाताऱ्यानं आता कामाची टाळाटाळ सुरू केली. न्हावऱ्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि दौंडला पाठवलं. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा बंद आहेत, बायपास करावी लागेल, उशीर नको. पैशांची काळजी करू नका, रेशन कार्ड आहे ना, सरकारी योजनेत फुकट होईल. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तिथं फुकट मिळणारी एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे वास. पण त्या दिवशी ‘फुकट’ हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं.

योजनेच्या काउंटरवर एक मुलगी बसली होती. तिनं आप्पांचा नंबर टाकला, थांबली, परत टाकला. मग आवाज खाली आणून मला विचारलं, आधी ऑपरेशन झालंय हे का नाही सांगितलं? मी म्हटलं, कुणाचं ऑपरेशन?

“यांचंच. बायपास. दिवाळीनंतर झालीय, डिस्चार्जपण झालाय.”

आप्पांना कमी ऐकू येतं, पण एवढं बरोबर ऐकू आलं. त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. छातीवर पांढरे केस, गळ्यात काळा दोरा, आणि खाली उन्हानं रापलेली कातडी. ओरखडासुद्धा नाही.

मुलीनं स्क्रीन आमच्याकडे फिरवला. ऑपरेशननंतर पेशंटचा टाक्यांसकट फोटो पाठवावा लागतो, त्याशिवाय हॉस्पिटलला योजनेचे पैसे मिळत नाहीत, असं ती म्हणाली. फोटोत एक म्हातारा डोळे मिटून पडला होता. मिशा आप्पांसारख्याच. गळ्याखालून पोटापर्यंत गोणीला दाभणानं शिवण घालावी तसे टाके. आणि फोटोखाली आप्पांचं पूर्ण नाव, आमचं गाव, आमच्या कार्डाचा नंबर.

आप्पा स्क्रीनजवळ वाकले. मग त्यांनी एवढंच विचारलं, “ह्यो जिता हाय का?”

तिनं उलट विचारलं, तुमचा अंगठा आणि कागद कुणी घेतले होते का? तेव्हा मला गावातलं मोफत तपासणी शिबिर आठवलं. पुण्याच्या बाजूच्या कुठल्याशा हॉस्पिटलची माणसं आली होती. सगळ्यांचं रेशन कार्ड घेतलं, मशीनवर अंगठे घेतले आणि गुडघ्याला लावायची ट्यूब हातावर ठेवली. आप्पा ती ट्यूब घेऊन नवरदेवासारखे घरी आले होते.

आमच्या घराला योजनेतून वर्षात जेवढं मिळणार होतं, तेवढं त्या दुसऱ्या छातीवर खर्च झालं होतं. आता एक तर योजनेचं नवीन वर्ष लागायची वाट बघायची, नाहीतर आप्पांनी ‘माझं ऑपरेशन झालेलं नाही’ असा अंगठ्यानिशी अर्ज द्यायचा. मग चौकशी होणार, आमचा हक्क परत मिळणार, आणि हॉस्पिटल त्याचे पैसे फोटोतल्या माणसाकडून वसूल करणार. माझं डोकं फिरलं होतं. मी त्या शिबिरवाल्या हॉस्पिटलात जाऊन जेवढा आरडाओरडा करता येतो तेवढा केला. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, लेखी द्या.

इकडे घरी आप्पांचं काहीतरी भलतंच सुरू झालं. जन्मभर कुशीवर झोपणारा माणूस उताणा झोपायला लागला. बादली उचलेना. उन्हात छाती उघडी करून आईला म्हणाले, नीट बघ, काही दिसतंय का. एकदा मला म्हणाले, “भूल दिल्याव मानसाला काय कळतंय? दिवाळीनंतर मी वडगाव रासाईला पावण्याकडं गेलतो म्हंता तुम्ही. पर खरंच गेलतो का?”

आई त्यांना वेड्यात काढत होती. पण सदरा धुताना तिनं तो आतून उलटा करून, कुठं डाग आहे का, हे बघितलेलं मी पाहिलं. मग आप्पा म्हणायला लागले की टाक्यांच्या जागी खाज येते. तेव्हा मात्र मी घाबरलो. बंद नसांना मी घाबरलो नव्हतो तेवढा त्या खाजेला घाबरलो.

सुट्टीच्या दिवशी मी अर्ज लिहिला, शाईचं पॅड आणलं. भर दुपारी, रस्त्यानं एक माणूस आमच्या घराकडे येताना दिसला. खाकी पँट, हातात पिशवी. थोडं चालायचा, थांबायचा, छातीवर हात दाबायचा, परत चालायचा. हुबेहूब आप्पा. तोंड दिसायच्या आधीच मला कळलं की हा तो फोटोतला.

तो उत्तर प्रदेशचा. कुरकुंभजवळ एका गोदामावर वॉचमन. ड्युटीवर पडला, इथलं रेशन कार्ड नाही, म्हणून ठेकेदारानं कुठून तरी ही सोय लावली. वॉर्डात आप्पांचं नाव सांगायचं, स्वतःचं नाव घेतलंस तर बिल तुझ्यावर, असा दम दिला होता. माझ्या आरडाओरड्यानंतर त्याला हॉस्पिटलचा फोन गेला होता की आता लाखांत पैसे भर, नाहीतर पोलीस. ज्याच्या नावावर आपण जगलो तो माणूस एकदा बघावा म्हणून तो फाइलवरचा पत्ता शोधत एसटीनं आला होता. मी त्याला बस म्हटलं नाही. आप्पांनी बाजेवर जागा करून दिली.

आप्पांनी त्याची बटणं स्वतः काढली. शिवणीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, सावकाश, आपलंच अंग चाचपावं तसं.

“दुकता है क्या?”

“ठंड में, चाचा.”

आप्पांनी मान हलवली. “व्हय. माजं बी थंडीतच.”

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. तो संध्याकाळच्या गाडीनं गेल्यावर मी अर्ज पुढे केला. आप्पांनी अंगठा मुठीत घातला. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. रात्री कळपाभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. ते म्हणाले, “वाघरीत शिरलेलं दुसऱ्याचं मेंढरू रातीचं कुणी भायेर काढत न्हाई. भायेर लांडगं हायती.”

मी म्हटलं, आणि आतलं मरतंय त्याचं काय? ते म्हणाले, नवं साल लागलं की माजं बी व्हईल, तवर गोळ्या हायती. मी कर्ज काढतो म्हटलं तर त्यांनी आईची शपथ घातली. आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझा बाप मला तेव्हा शुद्ध मूर्ख वाटला, आणि आजही अर्धा दिवस वाटतो.

नवं साल लागायच्या आत आप्पा गेले. कांद्याच्या वाफ्यावर बसल्या बसल्या.

दहावा झाला, तेरावा झाला. त्या माणसाचा मला इतका राग होता की कुरकुंभला जाता-येता खाकी पँट दिसली की मी मान फिरवायचो. मग एक दिवस त्याचाच फोन आला. ऑपरेशनला वर्ष झालं, तपासणी आहे, फाइल अजून त्याच नावावर आहे, ठेकेदार पळालाय, हॉस्पिटलवाले घरचा माणूस आणा म्हणतात. आप्पा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोललो आणि फोन ठेवला.

आणि तरी गेलो. दया-बिया काही नव्हती. आप्पांचं नाव आता कुणी घेतलं की त्याच्याआधी ‘कैलासवासी’ लावायचं. मला ते नाव एकदा नुसतं ऐकायचं होतं.

बाकावर आम्ही मध्ये जागा सोडून बसलो. सिस्टर फाइल घेऊन बाहेर आली आणि तिनं आप्पांचं पूर्ण नाव पुकारलं, मोठ्यानं, जिवंत माणसाला मारतात तशी हाक. मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, की आप्पा येतात का. शेजारचा म्हातारा छातीवर हात दाबून उठायला लागला, त्याला उठवेना.

“बाबांबरोबर कोण आहे?” सिस्टरनं विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “मुलगा.”

आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेलो.