वगळण्याचं कारण

एकतीस वर्षं सिस्टरांनी पाठी चोळल्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कुशीवर वळवायचं, तळहात एकमेकांवर घासून ऊन करायचे, बोटावर थेंबभर तेल घ्यायचं आणि माकडहाडापासून लहान लहान गोल करत वर जायचं. हॉस्पिटलात नव्याने लागलेली प्रत्येक नर्स हे त्यांच्याकडूनच शिकली. "लाल दिसलं की समजा, रक्त अडलंय," त्या सांगत. "हात फिरवा, मोकळं करा." त्यांना सगळे 'मऊ हाताच्या सिस्टर' म्हणत, आणि त्याही आढेवेढे न घेता ते नाव मिरवत.

बेडसोरचे, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचे, नवे नियम लिहायचं ठरलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी साहजिकच त्यांना बोलावलं.

"नियम कसले लिहिताय मॅडम? मला विचारा, दहा मिनिटांत सांगते."

"तुम्हाला विचारलं तर तुमच्या पेशंटचं कळेल," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या जगातल्या पेशंटचं कोण सांगणार? यावर आजवर जे जे तपासून झालंय ते सगळं आधी वाचायचं. आपल्याला पटेल तेवढंच नाही, सगळं."

'सगळं' म्हणजे एक हजार एकशे चाळीस पेपर, म्हणजे शोधनिबंध, निघाले. कॉलेजच्या ग्रंथपालांनी ते शोधून त्यांची यादी केली. वाचणारे दोघे, ग्रंथपाल आणि सिस्टर. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांना काही सांगायचं नाही. कोणता पेपर नियमांसाठी आत घ्यायचा, कोणता वगळायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि वगळला तर कारण लिहायचं. कारणंही आधीच ठरलेली, पाच. त्यांचा कागद ग्रंथपालांनी भिंतीवर चिकटवला होता.

"म्हणजे परीक्षेत शेजारच्याचं बघायचं नाही, असंच ना?" सिस्टरांनी विचारलं.

"बघायचं नाही. आणि आपल्या लाडक्याला पासही करायचं नाही," ग्रंथपाल म्हणाले. "नापास करायला कारणं नंतर शोधली ना सिस्टर, तर हवी तेवढी सापडतात. म्हणून आधी."

काम कंटाळवाणं होतं, पण सिस्टरांना ते मानवलं. ड्युटी संपली की लायब्ररीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर त्या तासभर बसत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक लबाडी पकडली. एकाच वॉर्डातले तेच पेशंट दोन मासिकांत दोन वेगळे अभ्यास म्हणून छापले होते. दोन्हीकडे ब्याण्णव पेशंट, दोन्हीकडे एकच बाई पाय कापलेली, तीही एकाहत्तर वर्षांची. "वाचणारी वॉर्डातली असली की अशी फळं मिळतात," ग्रंथपाल म्हणाले. ते दोनदा मोजलं गेलं असतं तर त्यातला उपाय आहे त्याहून गुणकारी ठरला असता. सिस्टरांनी घरी जाऊन हे नवऱ्याला दोनदा सांगितलं.

पाठ चोळण्यावरचा पेपर तिसऱ्या आठवड्यात आला. चौसष्ट पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले. एका गटाची लाल झालेली जागा रोज चोळायची, दुसऱ्याची फक्त कूस बदलायची. चोळलेल्यांना जखमा जास्त झाल्या. आतलं नाजूक मांस आधीच दबलेलं असतं, त्यावर घासल्याने ते आणखी फाटतं, असं खाली लिहिलं होतं.

सिस्टरांनी तो तीनदा वाचला. त्यांना सासूबाई आठवल्या. चार वर्षांपूर्वी त्या घरीच पडून होत्या, तीन महिने. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला त्या दिवसापासून सिस्टर सकाळ-संध्याकाळ चोळत होत्या. नवव्या दिवशी कातडी फुटली. ती जखम मग भरलीच नाही. नवरा अजून पाहुण्यांना सांगतो, "आईचं हिने पोटच्या पोरीसारखं केलं." सिस्टर तेव्हा मान खाली घालून चहा ओतत असतात आणि लोकांना तो विनय वाटतो.

त्यांनी रकान्यात लिहिलं : वगळा. कारण क्रमांक तीन, पेशंटचे गट कसे पाडले ते स्पष्ट नाही. मग पुढचा पेपर उघडला.

महिन्याभराने दोघांचे निकाल समोरासमोर ठेवले. तेवीस ठिकाणी मतं जुळत नव्हती. मॅडम मध्ये बसल्या आणि एकेक सुटत गेलं. अकरावा तो चोळण्यावरचा होता.

"हा मी घेतलाय," ग्रंथपाल म्हणाले. "सिस्टरांनी वगळलाय, कारण तीन. पण चिठ्ठ्या टाकल्याचं दुसऱ्या पानावर चांगलं सविस्तर दिलंय. घाईत नजर चुकली असेल तुमची. हजार पेपर वाचायचे म्हणजे काय खायचं काम आहे?"

ग्रंथपालांनी सुटकेचं दार सताड उघडून ठेवलं होतं. 'हो, चुकली' एवढं म्हटलं की पेपर आत आला असता, नियम बरोबर लिहिला गेला असता आणि मऊ हाताच्या सिस्टर मऊ हाताच्याच राहिल्या असत्या. सिस्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"नजर चुकली नाही. वाचलं होतं मी दुसरं पान."

"मग?"

"त्यात जे करू नका म्हटलंय, ते मी करत आलेय."

ग्रंथपाल कागद नीट लावू लागले. ते आधीच नीट होते.

"अहो, सगळेच करत होते," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्यांना मी शिकवलं, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. अहवालात याचं काही येणार नाही, असं त्यांनी समजावलं. 'मतभेद चर्चेने मिटले' एवढं एकच वाक्य असतं, नाव नसतं. सिस्टरांच्या कानापर्यंत रक्त चढलं होतं. त्या म्हणाल्या, "मी वगळलेले सगळे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका."

अस्थिरोगाच्या वॉर्डातल्या एका नर्सला बसवलं. तिला तीन आठवडे लागले. आणखी दोन पेपर सापडले, दोन्ही चोळण्याच्या विरुद्ध, दोन्हींपुढे सिस्टरांच्या अक्षरात कारण क्रमांक तीन. पहिल्याबद्दल त्या रोज स्वतःला दोष देत होत्या. हे दोन वगळल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. अक्षर त्यांचंच होतं.

नवा नियम साधा निघाला : लाल झालेली जागा चोळू नये, पेशंटची कूस बदलावी. तो सांगायला मॅडम स्वतः येणार होत्या. सिस्टर म्हणाल्या, "शिकवलं मी, तर मोडायलाही मीच जाते."

प्रात्यक्षिकाच्या हॉलमध्ये साठ-पासष्ट नर्स होत्या. पलंगावर रबराचा पुतळा कुशीवर वळवून ठेवलेला. सवयीने सिस्टरांनी तळहात घासले, लक्षात आल्यावर ते पाठीमागे बांधून घेतले आणि नियम सांगितला. क्षणभर कुजबुज झाली. मग त्यांच्या पहिल्या तुकडीतली, आता अतिदक्षता विभागाची प्रमुख असलेली नर्स उभी राहिली.

"सिस्टर, हे केव्हा कळलं?"

"पेपर एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे."

"एकोणीस!" ती जरा थांबली. "मग आपल्याला कसं नाही कळलं?"

"कुणी शोधून बघितलंच नाही. जी शिकवत होती तिने तर नाहीच." सिस्टरांनी पाठीमागचे हात सोडले. "आणि बघितलं, तेव्हा मी तो पेपर बाजूला टाकला. मुद्दाम. मॅडमना सांगितलंय, आता तुम्हालाही सांगते."

प्रमुख नर्स खाली बसली. पहिल्या रांगेतली एकजण सवयीने सगळं वहीत उतरवत होती. तिने हेही लिहिलं, मग लिहिलेल्याकडे बघितलं आणि ती ओळ खोडली.